मालन्येताईचा शेरा

प्यो मालन्ये हे नाव ऐकलं की आमच्या जॉल्ला मुलखातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. प्यो हे आडनाव, आणि मालन्ये म्हणजे शेवटची पोरगी. चार मुलींवर पाचवी झाली तेव्हा बापानं हे नाव ठेवलं, की बास आता. वर कुणी ते ऐकलं नाही. पाठीवर सहावीही पोरगीच आली, आणि आता हिला काय म्हणायचं ते न सुचल्यामुळं ती दोन वर्षं बिननावाची रांगत होती. मालन्येताई हे सांगते तेव्हा ऐकणारा हसतो, ती हसत नाही.

बोल्ग्यो गावाच्या खालच्या अंगाला ओहोटीला समुद्र पार मागं सरतो आणि नजर जाईल तिथपर्यंत काळा चिखल उरतो, तिथली ती. त्या चिखलात पाय टाकला तर मांडीपर्यंत जातो. म्हणून तिथल्या बाया लांब फळीवर एक गुडघा टेकतात, दुसऱ्या पायानं चिखलाला लाथा मारत फळी पुढं ढकलतात आणि हातानं शिंपले वेचत जातात. मालन्येताई नवव्या वर्षी फळीवर चढली आणि एकतिसाव्या वर्षी उतरली. तिचा डावा गुडघा अजून जोड्याच्या तळव्यासारखा आहे. मधल्या काळात लग्न झालं, नवरा इंजिनदुरुस्तीच्या कामाला पुसान बंदरात गेला तो तिकडंच दुसरं घर करून राहिला. हिनं टपालानं शाळा केली, टपालानं भाषेची पदवी घेतली आणि आमच्या कॉलेजातल्या लेखनकक्षात कंत्राटावर चिकटली.

मी त्याच कक्षाची कारकून, कुमरान. टेबल माझं दाराशी, तिचं खिडकीशी. अकरा वर्षं मी तिला बघितलं.

नर्सिंगच्या पोरी अहवाल घेऊन यायच्या, वेल्डिंगची पोरं नोकरीच्या अर्जासोबतचं आत्मवृत्त घेऊन यायची. मालन्येताई कागद घ्यायची आणि लिहिणाऱ्याच्या तोंडावर तो मोठ्यानं वाचायची. पोरगं लाजेनं अर्धं व्हायचं. वाचताना जिथं तिला ठेच लागायची तिथं पेन्सिलनं खूण. मग कागदाच्या कडेला शेरा, आणि तो शेरा तिच्या गावच्या बोलीत. "मला जशी बोलाय येतंय तशीच मी लिव्हणार," ती म्हणायची. "पोरांनी त्येंचं नीट प्रमाण भाषेत लिवावं. शेरा त्येंच्या अहवालात थोडाच जाणार हाय."

मग नामगुंग सर आले. राजधानीतून, सोलहून आले. बूट असे, की खाली बघितलं तर आपलं तोंड दिसावं. त्यांना लेखनकक्षाचं प्रमुखपद मिळालं होतं आणि त्यांच्या मते ते पद त्यांच्या योग्यतेपेक्षा तीन पायऱ्या खाली होतं. आल्या महिन्यातच त्यांनी सगळ्या विभागांची बैठक बोलावली. पंचवीस-तीस माणसं. सरांच्या हातात नर्सिंगच्या एका पोरीचा अहवाल होता. त्या पोरीनं प्रशिक्षणात पहिल्यांदा माणूस मरताना पाहिलं होतं, त्यावर लिहिलेला. कडेला मालन्येताईचा शेरा.

सरांनी घसा साफ केला आणि शेरा वाचला. नुसता वाचला नाही, हेल काढून वाचला. बाजारात म्हातारी ओरडते तसा.

"हितं तू पळालीस गं पोरी. माघारी ये. म्हातारीचं पाय गार हुतं म्हणतीस, मग तू हात लावलास का न्हाई? लावला असशील तर सांग. नसशील लावला तर त्येबी सांग."

आणि मग कागद खाली ठेवून, सगळ्यांकडं बघत, "इथे लेखन शिकवतात की मासळी विकतात?"

बैठक हसली. लोळून नाही, पण हसली. बहुतेक हसणारे जॉल्लाचेच होते, घरी जाऊन तीच बोली बोलणारे. मालन्येताई चौथ्या रांगेत बसली होती. तिनं मान खाली घातली नाही. कोण कोण हसलं ते एकेक करून बघून घेतलं, बाजारात मासळी तपासतात तसं.

महिनाअखेरीला तिचं कंत्राट पुढं गेलं नाही. तिच्या जागी ऑनलाइन सेवा आली. पोरांनी मजकूर कॉम्प्युटरवर चढवायचा, सोलच्या कुठल्याशा कंपनीतले शिक्षक दोन दिवसांत तपासून परत पाठवणार. शिक्षकांना नावं नाहीत, क्रमांक. मालन्येताईनं डब्यात पेन्सिली भरल्या, कुंडीला पाणी घातलं आणि दारात माझ्यापाशी थांबली.

"तूबी हसलीस," ती म्हणाली.

हसले होते मी.

तीन वर्षं गेली. ती सागरवस्तीला, आपल्या गावच्या सभागृहात, म्हाताऱ्यांना अक्षरं शिकवायला लागली. ज्या बायांनी जन्मभर चिखल उपसला, बँकेत अंगठा दिला, त्या सत्तरीनंतर आपलं नाव लिहायला शिकत होत्या. मला ती दोन आणि सात तारखेला भरणाऱ्या बाजारात दिसायची. मी मान झुकवायची, तीही झुकवायची. बोलणं नाही.

एका सात तारखेला ती स्वतःच आडवी आली. हातात वाळवलेल्या मुळ्याची पिशवी.

"तुमच्या त्या ऑनलाइनचं मूल्यमापन हाय म्हणं या वसंतात."

"हाय की. तीन वर्षांनी असतंय. तीन जण बाहेरचे लागतात."

"त्यातला एक गावातला, लेखन शिकवलेला, असा नियम हाय. मी वाचलाय."

"ताई, यादी मी करते, पण सही नामगुंग सरांची लागते."

"त्यो वाचून सही करतोय व्हय?"

खरं तर करत नव्हते. पानाच्या खालच्या कोपऱ्याशिवाय त्यांनी माझा कुठलाही कागद बघितलेला मला आठवत नाही.

"आन नियम असाबी हाय," ती म्हणाली, "की तिघांतल्या एकानंबी नापास केलं तर सेवा बंद, आन प्रमुख बदलायचा. खरं का खोटं?"

"खरं."

"मग घाल नाव. सागरवस्ती साक्षरता वर्ग, प्यो. यवढंच लिव्ह. तू हसली हुतीस त्याचं काय मागत न्हाई मी. त्ये तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."

मी नाव घातलं. सरांनी सही केली, फोनवर बोलता बोलता.

मूल्यमापनाला तीन आठवडे असतात. परीक्षकाला सेवेत पाहुणा म्हणून शिरता येतं, आकडे बघता येतात आणि वाटेल तो मजकूर चढवून तपासून घेता येतो. आकडे सरांनी आधीच छापून पाठवले होते. विद्यार्थ्यांचं समाधान पाचपैकी चार पूर्णांक नऊ. तीन वर्षं, दर सत्राला, चार पूर्णांक नऊ. हा आकडा सर जेवणाच्या टेबलावरही सांगायचे.

मालन्येताईला कॉम्प्युटर लावून द्यायला मी सभागृहात गेले. खालून तापवलेली जमीन उबदार होती, आज्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या आणि मधोमध बुटक्या टेबलावर तो कॉम्प्युटर, देव मांडल्यासारखा. मालन्येताईचा बेत सरळ होता. तिनं तोंडानंच सांगितला.

"आज्ज्यांचं लिखाण चढवायचं. ती सोलची क्रमांकवाली त्यावर कायतरी येडंवाकडं लिव्हणार. त्ये सगळं अव्हालाला डकवायचं आन नापास करायचं. त्यो सोलला माघारी. झालं."

ओकदान आजीनं, वय वर्षे एक्क्याऐंशी, नवऱ्यावर एक पान लिहिलं होतं. ते चढवलं. दुसऱ्या एका आजीनं किमचीचं लोणचं घालण्यावर लिहिलं होतं, तेही चढवलं.

दोन दिवसांनी उत्तरं आली. मी परत गेले, कारण ती उघडत नव्हती. उत्तरावर बोट दाबलं की आधी एक फॉर्म यायचा. बारा प्रश्न. शिक्षकाचं मार्गदर्शन उपयुक्त होतं का, भाषा सौम्य होती का, पुन्हा सेवा घ्याल का. एक ते पाच. फॉर्म भरल्याशिवाय तपासलेला मजकूर दिसायचाच नाही.

"पर मी अजून बघितलंच न्हाई की काय मार्गदर्शन केलंय त्ये," मालन्येताई म्हणाली.

"असंच असतंय ताई. पोरांना परीक्षेचे गुणबी असंच दाखवतात. आधी शिक्षकाला गुण द्यायचे, मग आपले बघायचे. पोरं वरून खालपर्यंत पाच-पाच-पाच दाबत सुटतात. वाचत न्हाईत."

ती फॉर्मकडं बघत राहिली. ओकदान आजीनं मागून विचारलं, "काय म्हंतंय त्ये?"

"जेवाय वाढायच्या आधी इचारतंय आज्जे, की भाजी कशी झालीय."

"मग म्हण की चांगली झालीय, नायतर वाढायचं न्हाई."

"म्हणूनच चार पूर्णांक नऊ," मालन्येताई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला शिंपला उघडायची सुरी आठवली. तिनं बाराही प्रश्नांना पाच दाबलं आणि उत्तर उघडलं.

किमचीवरचं उत्तर तिला हवं होतं तसंच निघालं. शिक्षक क्रमांक बारा. 'प्रस्तावना, विवेचन आणि निष्कर्ष असे भाग करावेत. संदर्भसूची जोडावी.' आज्या इतक्या हसल्या की एकीची कवळी सुटली.

मग ओकदान आजीचं उघडलं. शिक्षक क्रमांक सत्तेचाळीस. मालन्येताई मोठ्यानं वाचायला लागली आणि तिसऱ्या ओळीला तिचा आवाज खाली आला.

'पहिल्या आठ ओळी तुम्ही घाबरत लिहिल्या आहेत. नवव्या ओळीत दाराआड टांगलेला रेनकोट येतो, तिथून लिहिणारं माणूस बोलायला लागतं. तिथूनच सुरुवात करा. तुम्ही लिहिता, त्यांचा रेनकोट मी अजून काढलेला नाही. का काढलेला नाही ते सांगू नका. ते कळतं. फक्त तो कुठल्या रंगाचा होता ते सांगा.'

मग ओकदान आजी म्हणाली, "पिवळा हुता."

मालन्येताईनं कॉम्प्युटर बंद केला. झाकण असं आपटलं की मला वाटलं फुटलं.

"चांगलं निघालं, रांडेचं," ती म्हणाली.

सत्तेचाळीस क्रमांकानं तिची झोप उडवली. पुढच्या आठवड्यात तिनं आणखी सहा मजकूर चढवले. दोन कामचुकार निघाले, तीन बरे निघाले, आणि एक परत सत्तेचाळीसकडं गेला. तोही चोख आला. मालन्येताई म्हणजे कशीही असली तरी वाईटाला वाईट आणि चांगल्याला चांगलं म्हणणारी बाई. हात खोटं लिहायला तयार नव्हता आणि पोट बदला सोडायला तयार नव्हतं.

मग एक दिवस तिनं मला फोन केला. "तुमच्या त्या सेवेच्या पहिल्या पानावर त्येचा फोटू हाय. खाली मनोगत हाय. त्ये काढून दे मला, नाव आन मथळा वगळून."

मी काढून दिलं. त्यातली एक गोष्ट तिला तेव्हाच सांगायला हवी होती, ती मी सांगितली नाही. तिनं ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा मजकूर म्हणून चढवलं.

उत्तर आल्यावर ती प्रिंट घेऊन स्वतःच बाजारात माझी वाट बघत उभी होती. नशीब म्हणावं का काय म्हणावं, सत्तेचाळीसलाच गेलं होतं.

मनोगताची सुरुवात अशी होती: 'जागतिक स्पर्धेच्या वेगाने बदलणाऱ्या या युगात, सर्जनशील संवादक्षमतेने संपन्न अशा सर्वांगीण प्रतिभावंतांच्या जडणघडणीच्या दृष्टीने, आमचे केंद्र आपणा सर्वांच्या स्वप्नांचे पंख होऊ इच्छिते.'

सत्तेचाळीसनं कडेला लिहिलं होतं: 'यातून युग, स्वप्न आणि पंख काढा आणि उरलेलं वाचा. काहीच उरत नसेल तर हे वाक्य लागत नव्हतं.' दुसऱ्या परिच्छेदाला: 'हा पहिलाच परिच्छेद आहे, कपडे बदलून आलेला.' तिसऱ्याला: 'हे केंद्र नेमकं काय करतं? मी चार वेळा वाचलं. लिहिणाऱ्याला माहीत आहे का?' आणि शेवटी: 'हा मजकूर तुम्ही स्वतः लिहिलेला वाटत नाही. इकडून तिकडून जोडलेला वाटतो. स्वतःचं एक तरी वाक्य लिहून पाठवा, मग आपण बोलू.'

"ह्ये मी बैठकीत वाचणार," मालन्येताई म्हणाली. "त्याच खोलीत. त्याच माणसांपुढं."

मला सांगावंच लागलं. "ताई, ते मी लिहिलंय."

तिनं मान वळवली.

"सर आले त्याच महिन्यात मला म्हणाले, मनोगत टाक एखादं. मी सहा कॉलेजांची मनोगतं घेतली आणि जोडलं. सगळीकडं असंच करतात. प्रमुखाचं मनोगत प्रमुख कधी लिहितो व्हय?"

तिनं हातातल्या प्रिंटकडं बघितलं. मला वाटलं आता हिचं सगळं मोडलं. पण तिचे ओठ हळूहळू ताणले गेले.

"त्येला ठावं हाय की तू लिवलंस?"

"त्यांनी वाचलंसुद्धा नसंल."

"मग तर लईच बेस," ती म्हणाली. "आता त्यो कुठल्याबी बाजूला पळू दे."

"पण माझी नोकरी, ताई..."

"तुझं नाव माझ्या तोंडातनं येणार न्हाई. त्येच्या तोंडातनं आलं तर बघू." मग प्रिंटची घडी करता करता तिचा हात थांबला. "एक अडचण हाय बग पर."

"काय?"

"मी सेवेला नापास केलं, तर सत्तेचाळीसचा शेराबी नापासच की. मग त्यो म्हणंल, ज्या सेवेला तुम्हीच वाईट म्हणता ती मला वाईट म्हंती, मग काय झालं. त्येच्या तोंडावर ह्यो कागद मारायचा आसंल तर मला म्हणाय लागतंय की कागद खरा हाय. म्हंजे सेवा चांगली. म्हंजे त्यो पास." ती मुळ्याच्या ढिगाकडं बघत होती. "आन सेवा पास झाली की माझी जागा कायमची गेली. तेबी हायच."

त्याचं काय करायचं ते तिनं मला त्या दिवशी सांगितलं नाही.

बैठक सकाळी दहाला, दुसऱ्या मजल्यावर. अध्यक्ष यॉम गुरुजी, शेतीशाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांना सारखेच गुण देणारे. जिल्ह्याकडून आलेला एक अधिकारी, तो गुरुजी देतील तेवढे देणारा. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर विभागांची माणसं, तीन वर्षांपूर्वी होती तीच. मी चहा ठेवत होते तेव्हा मालन्येताई आत आली. नामगुंग सर उठून उभे राहिले, वाकले, आणि वाकता वाकता त्यांनी ओळखलं. सरळ व्हायला त्यांना जरा वेळ लागला.

"प्योबाई," ते म्हणाले. "आपण इथे?"

"तुमच्याच सहीनं आले न्हवं, सर."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी कपांकडं पाहिलं.

सरांनी आपलं निवेदन केलं. चार पूर्णांक नऊ आला, दोनदा आला. मग गुरुजी म्हणाले, "प्योबाई, तुमचं काय निरीक्षण?"

मालन्येताई उभी राहिली. आधी तिनं त्या फॉर्मचं सांगितलं. उत्तर दाखवण्याआधी पोरांकडून पाच-पाच दाबून घेतात हे सांगितलं. गुरुजींना ते कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे वाचण्याआधीच समाधान?"

"व्हय गुरुजी. लग्नाआधी पोरं किती झाली इचारल्यासारखं."

अधिकाऱ्याला हसू आवरलं नाही. सर म्हणाले, "ही सर्वत्र रूढ पद्धत आहे." ते खरंही होतं.

"आसंल," मालन्येताई म्हणाली. "आता तपासणी कशी हाय त्ये सांगते. तपासणीतली काय माणसं लई चांगली हाईत. मी आठ मजकूर बघितलं. शिक्षक क्रमांक सत्तेचाळीस म्हणून कोण हाय, त्येच्यासारखं तपासणारं माणूस मी जन्मात बघितलं न्हाई. त्ये सांगतंय ते खरं मानायचं, यवढं माझं मत लिवून घ्या."

सर सैलावले. खुर्चीत मागं टेकले, हातही जोडले थोडेसे. "आपल्यासारख्या अनुभवी व्यक्तीकडून हे ऐकून..."

"एक नमुना वाचते," ती म्हणाली. "पहिल्या वर्षाचा इद्यार्थी हाय."

तिनं मनोगत वाचलं. हेल न काढता, सरळ, बातम्या देतात तसं. पहिल्या ओळीला कुणाला काही कळलं नाही. स्वप्नांचे पंख आले तेव्हा भिंतीकडची एक बाई चुळबुळली. मग शेरे आले. कपडे बदलून आलेला परिच्छेद आला तेव्हा कुणीतरी हसू दाबायला खोकलं. 'लिहिणाऱ्याला माहीत आहे का' इथं खोली हसली. तीन वर्षांपूर्वी हसली होती त्याहून जास्त, कारण तोवर अर्ध्या लोकांनी ओळखलं होतं की हे कुठलं आहे. अधिकाऱ्यानं फोनवर सेवेचं पहिलं पान उघडलं होतं आणि गुरुजींच्या पुढं धरलं होतं, फोटोसकट.

नामगुंग सरांचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला.

"हा काय प्रकार आहे," ते म्हणाले. "हा मजकूर मी लिहिलेलाच नाही. हे कार्यालयाने तयार केलेलं आहे."

कपांचा ट्रे माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

"आसं व्हय," मालन्येताई म्हणाली. "सेवेचा पैला नियम काय हाय, गुरुजी? भिंतीवर लावलाय बघा. दुसऱ्यानं लिहिलेलं आपल्या नावावर चालणार न्हाई." ती सरांकडं वळली. इतकी सावकाश, की त्यांना वळताना दिसावं. "मग दोन्हीतलं एक सांगा सर. तुमाला लिव्हाय येत न्हाई, का तुमी लिव्हत न्हाई? जे सांगाल तेच अव्हालात घालते. माझ्या मनाचं काय घालत न्हाई."

सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. त्यांनी पाण्याच्या ग्लासाकडं हात नेला आणि ग्लास न उचलता परत घेतला. गुरुजी म्हणाले, "आपण पुढच्या मुद्द्याकडे..." मालन्येताई म्हणाली, "मी वाट बघते गुरुजी. मला घाई न्हाई. तीन वर्षं झाली." आणि ती खरंच उभी राहिली. किती वेळ, मला सांगता येणार नाही, पण तेवढ्यात चहावर साय धरली असती. शेवटी सरच खाली बसले.

गुण द्यायची वेळ आली तेव्हा तिनं कागदावर शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी लिहिले. गुरुजींनी दोनदा बघितलं. मलाही वाटलं होतं की ती नापास करणार.

बाहेर जिन्यात मी तिला गाठलं. "ताई, पास का केलंस?"

"हाकललं असतं तर काय झालं असतं?" ती रेलिंगला धरून उतरत होती, गुडघा दुखतो तिचा. "त्यो सोलला गेला असता. तिथं कुणाला ठावं काय झालं? नव्या कॉलेजात नवं मनोगत. न्हाई. हितं ऱ्हाऊ दे त्येला. हितल्या जेवणघरात जेवू दे, हितल्या माणसांपुढनं चालू दे. मी गेले अकरा वर्षांची नोकरी सोडून, पर माझं गाव तर माझंच हुतं. त्येला त्येचं गावबी मिळू द्यायचं न्हाई मला."

अहवालाच्या शेवटी तिनं दोन अटी घातल्या होत्या आणि गुरुजींनी त्या सहीसकट मान्य केल्या. एक, फॉर्म उत्तर वाचून झाल्यावर. दोन, कक्षप्रमुखांनी मनोगत स्वतः लिहून सेवेत तपासायला द्यावं, आणि शिक्षकाचा होकार येईपर्यंत पहिल्या पानावर जुनं मनोगत ठेवू नये.

नव्या फॉर्मचा पहिला आकडा तीन पूर्णांक चार आला. सर आता जेवणाच्या टेबलावर आकडा सांगत नाहीत. ते टेबलावरच येत नाहीत, डबा खोलीत खातात. पहिल्या पानावर त्यांचा फोटो आहे आणि खाली पांढरी जागा. दर गुरुवारी दुपारी ते दार लावून घेतात आणि आतून टाइप करायचा आवाज येतो, थांबतो, येतो, थांबतो. आतापर्यंत पाच वेळा दिलं, पाचही वेळा परत आलं. ते मला कळतं, कारण परत आलेलं छापून त्यांच्या टेबलावर ठेवायचं काम माझं आहे. मी ते उलटं ठेवत नाही.

परवा सर दाराशी आले. माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, कुंडीतलं वाळकं पान तोडलं. पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली.

"कुमरान, ते मनोगत... आधीसारखं एखादं करून देता येईल का? मी वरवर फेरफार करीन."

मी उठून उभी राहिले, वाकले. "सर, दुसऱ्याचं लिखाण चालत नाही," मी म्हटलं. "नियमात बसत नाही."

ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

सात तारखेला बाजारात मी हे मालन्येताईला सांगितलं. ती उकडलेले शिंपले सोलून खात होती. सगळं ऐकून घेतलं, सुरीनं शेवटचा शिंपला उघडला, मला दिला नाही, स्वतः खाल्ला आणि ओठ पुसले.

"यवढंच म्हणालीस?" ती म्हणाली.